जुन्या मॉडेल रेल्वे इंजिनाला लावलेले डिटेल्स परत परत गळतायत? गोंद बदलायच्या आधी पडलेला तुकडा बघा

मंडळी, तक्रार नेहमी एकच असते. जुनं स्वस्तातलं इंजिन हाताशी आलं, कुणाच्या काकांनी ऐंशीच्या दशकात परदेशातून आणलेलं किंवा रविवारी जुन्या बाजारात ढिगातून निघालेलं, त्याला हौसेनं पितळी तारेची रेलिंग केली, हॉर्न केले, होसपाइप (तोंडाशी लोंबणाऱ्या ब्रेकच्या नळ्या) केले, खिडक्यांना जाळ्या केल्या, असे सगळे बारीकसारीक डिटेल्स लावले, रंग मारला, फोटो काढून सगळ्यांना पाठवले, आणि पंधरा दिवसांत रेलिंगचं एक टोक सुटलं. मग फेविक्विकचा थेंब. मग दुसरं टोक सुटतं. मग कुणीतरी सांगतं की हे सोडा, ते घ्या, ते घेतलं की तेही सुटतं, आणि तोवर सांध्यावर वाळलेल्या गोंदाचा एवढा गोळा झालेला असतो की त्यापेक्षा आधीचं साधं साच्यातलं रेलिंग बरं दिसत होतं.

माझं स्पष्ट मत, ह्यात गोंद फार क्वचित दोषी असतो. सांधा कुठून सुटला हे तुकड्यावर लिहिलेलं असतं आणि आपण तेच पुसून टाकतो, कारण पडला रे पडला की पहिलं काम म्हणजे त्याला परत चिकटवणं. ते करू नका. तुकडा उचला, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग घ्या, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा, आणि गोंद कोणत्या बाजूला राहिलाय ते बघा. तारेवर राहिलाय, बॉडीवर राहिलाय, दोन्हीकडे राहिलाय, की गोंदाबरोबर रंगाचा पापुद्रा उचलून आलाय. ह्या चार गोष्टींची चार वेगळी दुखणी आहेत आणि चारींवर औषध वेगळं आहे.

गोंद तारेवर, बॉडी कोरडी

हे सगळ्यात जास्त दिसतं. तारेच्या टोकाला गोंदाचा थेंब तसाच आहे, त्याची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत चकचकीत, आणि बॉडीवर काहीच खूण नाही. म्हणजे गोंद बॉडीला धरलाच नव्हता, नुसता टेकून बसला होता. कारणं दोन, एक तर तेलकटपणा, नाहीतर प्लास्टिकच भलतं.

तेलकटपणा म्हणजे साच्यातून बॉडी सुटावी म्हणून लावलेलं द्रव्य थोडंफार राहिलेलं असतं, त्यात चाळीस वर्षांचे हात, आणि मोटरला घातलेलं तेल, जे आतल्या आत रांगत बॉडीच्या कडेपर्यंत येतं. भांडी घासायच्या लिक्विडनं कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुवा, वाळवा, मग चिकटवायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) कापसावर घेऊन पुसा. ते पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पीसीबी (सर्किटची पाटी) साफ करायला म्हणून मिळतं. जुन्या रंगाच्या बॉडीवर आधी आतल्या बाजूला लावून बघा, काही रंग त्यानं सुटतात. आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण आहे.

दुसरं कारण जास्त छळतं. स्वस्त जुन्या इंजिनात सगळं प्लास्टिक एक नसतं. बॉडी बहुतेक वेळा स्टायरीन (म्हणजे पॉलिस्टायरीन) किंवा एबीएसची, तिला गोंद नीट धरतो. पण मूळचं लवचिक रेलिंग आणि पुष्कळदा बोगीच्या (डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा) साइडफ्रेम्स, म्हणजे चाकांबाहेरच्या बाजूच्या पट्ट्या, अ‍ॅसिटल किंवा नायलॉनसारख्या, हाताला साबणासारख्या गुळगुळीत लागणाऱ्या प्लास्टिकच्या असतात, आणि त्यातल्या अ‍ॅसिटलवर घरातला कुठलाच गोंद टिकत नाही. कितीही महाग आणा. म्हणूनच अनेकांचं इंजिन वरून धडधाकट राहतं आणि बोगीवर केलेले ब्रेक सिलिंडर, वाळूचे पाइप, पायऱ्या हेच सारखे गळतात.

ओळखायचं कसं? आतल्या, न दिसणाऱ्या जागी इअरबडच्या टोकानं किंचित अ‍ॅसिटोन लावा. नेलपॉलिश रिमूव्हर चालेल, पण अ‍ॅसिटोनवाला, हल्ली बिनअ‍ॅसिटोनचेही असतात. जागा चिकट झाली, बडचे धागे ओढले गेले, तर स्टायरीन किंवा एबीएस, काळजी नको. काहीच झालं नाही, ढिम्म राहिलं, तर त्या जागेवर गोंद सोडा आणि भोक पाडा. आरपार भोक, त्यातून तार, मागून तार वाकवून पिळा. म्हणजे तुकडा तारेनं अडकलेला राहतो आणि गोंद असला तर फक्त डुगडुग थांबवायला. पॉलिप्रोपिलीनसारख्या प्लास्टिकवर फेविक्विक धरावं म्हणून लावायचे प्रायमरही मिळतात, पण भोक असताना मी त्या वाटेला जात नाही. आणि सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक टेकवून तार खुपसायची आयडिया बरेच जण सांगतात, अ‍ॅसिटलवर ती अजिबात करू नका, ते जळलं की फॉर्मल्डिहाइड सुटतो, डोळ्यांतून नुसतं पाणी.

हेच आपण जोडतो त्या तुकड्यालाही लागू. घरातल्या वस्तूंतून डिटेल्स करायचे तर डब्याच्या बुडाला त्रिकोणातला आकडा बघायची सवय लावा. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, उत्तम. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, श्रीखंडाचे डबे बहुतेक ह्यातले, त्याची पट्टी छान कापली जाते, छान वाकते आणि महिन्याभरात छान पडते. सीडीची जुनी पारदर्शक कव्हरं पॉलिस्टायरीनची असतात, ठिसूळ आहेत पण खिडकीच्या काचा आणि दिव्यांच्या पुढच्या भिंगासाठी मस्त. ऑफिसचं जुनं ओळखपत्र किंवा बँकेचं बाद झालेलं कार्ड पीव्हीसीचं असतं, जाडी ०.७६ मिमी, पायऱ्यांच्या फळ्या आणि बफर बीमवरचे (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या पट्टीवरचे) उंचवटे त्यातून सुंदर निघतात, फेविक्विकला धरतं, फक्त दोन्हीकडून आधी बारीक पॉलिश पेपरनं घासा कारण वर चकचकीत थर असतो.

गोंद बॉडीवर, तार स्वच्छ

बॉडीवर छोटा गोंदाचा विवर राहिलाय आणि त्यातून तार सुळकन निघालीय. इथे दोष तारेचा. पितळेची गुळगुळीत ओढीव तार असेल तर तिच्यावर गोंदाला पकड नाही. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली तांब्याची तार असेल तर तिच्यावर इनॅमलचा थर असतो, गोंद इनॅमलला धरतो आणि इनॅमल तारेला सोडतं. उपाय एकच, भोकात जाणारं टोक ४०० नंबरच्या पेपरनं आडवं घासायचं, लांबीच्या दिशेनं नाही, आणि टोकाला पकडीनं हलकासा चपटा दाब द्यायचा किंवा नखाएवढा बाक द्यायचा म्हणजे ते भोकात अडकतं.

आणि इथेच पुण्याच्या पावसाळ्याचा विषय येतो. फेविक्विक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, ते हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यानंच घट्ट होतं. त्यामुळे जुलैत झटकन धरतं, एप्रिलच्या कोरड्या दुपारी रेंगाळतं, हे सगळ्यांना माहितीय. पण तोच ओलावा पुढे महिनोन्‌महिने धातूवरच्या सांध्यात शिरत राहिला की पकड सैल करत जातो. प्लास्टिक-प्लास्टिक सांध्यात हे फारसं जाणवत नाही, धातू आला की जाणवतं. तुमचे पितळी तुकडे दरवर्षी गणपतीच्या आसपासच पडायला लागत असतील तर ह्यात काही अपशकुन नाही. धातूचा तुकडा असेल तर अ‍ॅराल्डाइट वापरा, हळू वाळणारं, पाच मिनिटांवालं नाही. रात्रभर ठेवायचा कंटाळा येतो खरा, पण ते थोडं दणकट आणि ओलाव्याला जास्त टिकतं.

ह्याच दिवसांत फेविक्विकभोवती पांढरी भुकटी बसते, काळ्या किंवा गडद रंगाच्या बॉडीवर तर फारच घाण दिसतं. ती गोंदाची वाफ आहे, दमट हवेत तीच आसपास बसून घट्ट होते. गोंद कमी वापरा, टाचणीच्या टोकानं लावा, पंखा अंगावर नको पण हवा वाहती राहू दे, आणि चिकटवल्या चिकटवल्या इंजिन डब्यात बंद करू नका. डब्यात कोंडलं की ती वाफ खिडकीच्या काचांवर जाऊन बसते आणि मग काचाच बदलाव्या लागतात.

दोन्हीकडे गोंद, मधून तुटलेला

म्हणजे पकड ठीक होती, वर धक्का बसला. फेविक्विक सरळ ओढीला भक्कम आहे, पण सोलल्यासारखी ओढ आणि आपटी ह्या दोन्हीला कच्चं, कारण वाळल्यावर ठिसूळ होतं. थर जाड असेल तर आणखी लवकर तडकतं. बेकिंग सोडा टाकून दगडासारखा केलेला सांधा दिसायला भक्कम वाटतो, फट भरायला चांगला आहे, पण रेलिंगच्या पायाला तो नको.

इथे मुळात सांध्याचा प्रकार बदलायला हवा. तारेचं टोक बॉडीवर नुसतं उभं टेकवून चिकटवलं तर ०.४ मिमी तारेला धरायला जागा किती मिळते? टाचणीच्या टोकाएवढी. तीच तार दीड मिमी खोल भोकात गेली की चिकटायला तारेचा सगळा घेर मिळतो, आणि आडवा धक्का गोंदावर न येता प्लास्टिकवर येतो. म्हणून रेलिंग, ग्रॅब आयर्न (हातानं धरायच्या कड्या), होसपाइप, हॉर्न, वायपर, ज्याला हात लागू शकतो त्या सगळ्याला भोक. अपवाद नाही. दरवाज्याची बिजागरी किंवा नंबरप्लेट नुसती चिकटवली तर चालतं कारण ती सपाट आहे, तिला धरून कुणी इंजिन उचलत नाही.

०.४ च्या तारेला ०.५ चं ड्रिल. बारीक ड्रिल्स तपकीर गल्लीत पीसीबीसाठीचे मिळतात, पण त्यातले बरेचसे कार्बाइडचे असतात, मशीनच्या स्टँडवर उत्तम, हातातल्या पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायचा ड्रिलचा दांडा) जरा वाकडा जोर लागला की टिचतात आणि तुटलेला तुकडा नेमका बॉडीच्या दर्शनी बाजूला रुतून बसतो. हातानं करायचं तर एचएसएसचे (हाय-स्पीड स्टीलचे) घ्या. भोकाची जागा आधी कर्कटकाच्या टोकानं टोचून घ्या, नाहीतर ड्रिल सरकतं, आणि ओळीत भोकं हवी असतील तर मास्किंग टेपची सरळ कड लावून तिच्या कडेनं टोचत जा. बॉडीची भिंत साधारण एक-दीड मिमी असते, त्यामुळे मी भोक सरळ आरपारच नेतो आणि तार आतून वाकवून आत अ‍ॅराल्डाइटचा ठिपका देतो. बाहेर गोंदाचा मागमूस नाही, रंगावर डाग नाही. फक्त आतलं वाकवलेलं टोक मोटरला, वजनाच्या ठोकळ्याला किंवा वायरला लागत नाही ना ते बघा, ह्याचा त्रास पुढे येईल.

रंगासकट उचललेला

हा सगळ्यात सोपा. तुकड्याखाली रंगाचा पापुद्रा आहे, म्हणजे तुम्ही बॉडीला नाही तर रंगाला चिकटवलंत. जुन्या स्वस्त मॉडेलवरचा कारखान्यातला रंग कधीकधी नखानंही निघतो. जिथे तुकडा बसणार तिथे चाकूच्या टोकानं रंग खरवडून प्लास्टिक उघडं करा, किंवा सगळंच नव्यानं रंगवणार असाल तर आधी डिटेल्स मग रंग, असा क्रम ठेवा. पितळेवर मात्र प्राइमरशिवाय रंग मारू नका, नाहीतर वर्षभरात रेलिंग ठिकठिकाणी सोनेरी दिसायला लागतं.

कधी पडतं तेही बघा

वरच्या चारपैकी काहीच नाही, भोक आहे, स्वच्छ आहे, गोंद योग्य आहे, तरीही लांब रेलिंगचं टोक दरवर्षी उन्हाळ्यात उपटतं, किंवा थंडीत रेलिंग मधेच पोटासारखं बाहेर येतं. हे दुखणं मला सगळ्यात आवडतं कारण हे गोंदाचं नाहीच, गणिताचं आहे.

पॉलिस्टायरीन तापल्यावर पितळेच्या साडेतीन-चार पट प्रसरण पावतं. डब्ल्यूडीएम-२ (आपल्या रेल्वेचं डिझेल इंजिन) खरी १७.१२ मीटर लांब, १:८७ मापाच्या मॉडेलमध्ये ती होते साधारण १९७ मिमी. त्यातलं लांब हूडच्या (इंजिन झाकणाऱ्या लांबट खोक्याच्या) बाजूचं रेलिंग १२ सेंटीमीटर धरा. पुण्यात जानेवारीच्या पहाटे दहा अंश आणि एप्रिलच्या दुपारी चाळीस, म्हणजे तीस अंशांचा फरक, तोही घरात एसी नसेल आणि इंजिन वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या माळ्यावर असेल तर सहज. एवढ्या फरकात प्लास्टिक आणि पितळ ह्यांच्या लांबीत जवळजवळ ०.२ मिमीचं अंतर पडतं. ०.२ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण १२ सेंटीमीटरची तार दोन्ही टोकांना पक्की असेल आणि टोकं ०.२ मिमी जवळ आली तर ती मधे जवळजवळ ३ मिमी फुगते. तीन मिमी! १:८७ मध्ये ते पाव मीटरच्या वर झालं. मे महिन्यात लावलेलं रेलिंग डिसेंबरात फुगतं ते ह्यामुळे, आणि थंडीत ताठ लावलेलं रेलिंग एप्रिलमध्ये टोकाचे सांधे ओढून काढतं ते पण ह्यामुळेच. स्टीलची तार घेतली तर फरक थोडा वाढतोच, कारण स्टील पितळेपेक्षाही कमी प्रसरण पावतं.

उपाय असा की लांब तार कुठेतरी एकाच ठिकाणी पक्की करायची, शक्यतो मधल्या खांबाला, आणि बाकी सगळीकडे तिला सरकू द्यायची. त्यासाठी खांब डोळ्याचे करा, ०.२५ मिमीची मऊ तार ०.५ च्या ड्रिलच्या दांड्याभोवती एक वेढा देऊन दोन्ही पाय पिळले की वर डोळा तयार, खाली पिळलेला पाय भोकात. पाच-सहा खांब ओळीत लावून गोंद पूर्ण वाळू द्या, मग रेलिंगची तार डोळ्यांतून ओवा, मधल्या डोळ्याला एक थेंब, बस्स. टोकाला रेलिंग खाली वळून पायरीजवळ येतं तिथे भोक जरा सैल ठेवा आणि चिकटवू नका. रंग पातळ थरात द्या, कारण जाड रंग डोळ्यात साचून तार परत जाम करतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

तारेबद्दल एक सांगायचं राहिलं. खऱ्या इंजिनाचा हातात धरायचा दांडा इंच-सव्वा इंचाच्या आसपास धरला तर १:८७ मध्ये तो ०.३ ते ०.३७ मिमी होतो. गिटारची ०.०१३ इंची तार ०.३३ मिमी भरते. गिटार शिकवणाऱ्या कुणाशी ओळख असेल तर तुटलेल्या तारा फुकट मिळतात, सरळ आणि ताठ, वाकवायला मात्र चांगली पकड लागते आणि साध्या कटरची धार जाते. मूळ इंजिन डबल-ओचं म्हणजे १:७६ चं असेल तर ०.४ ची पितळी तार शोभते. पाऊण मिमीची जाड तार लावून केलेलं रेलिंग बघितलं की मला बाल्कनीचे गज आठवतात, पण असो, ज्याची त्याची आवड.

फक्त चालवल्यावर पडतं

कपाटात महिनाभर धड, आणि रुळावर दोन फेऱ्या मारल्या की काऊकॅचर (तोंडाखालचा रुळाजवळचा फाळ) नाहीतर पुढची पायरी गायब. हे सरळ सरळ काहीतरी कशाला तरी आपटतंय. जुन्या स्वस्त इंजिनांत कपलर (डबे जोडायचा आकडा) बॉडीवर नसतो, बोगीला असतो, आणि वळणावर बोगीबरोबर तोही डावीउजवीकडे झुलतो. मूळ मॉडेलच्या तोंडाखाली जी ओंगळ मोठी फट असते ती ह्यासाठीच ठेवलेली असते. आपण काय करतो, तर फट वाईट दिसते म्हणून तिथे डब्ल्यूडीएम-२ सारखा छान काऊकॅचर बसवतो, बफर बसवतो, त्यामागे होसपाइप लोंबकळवतो. सरळ रुळावर सगळं राजेशाही. हॉर्नबी कंपनीच्या मॉडेल रुळांत वळणाचं पहिलं रेडियस ३७१ मिमी आहे, दुसरं ४३८, तीन-तीन ॲक्सलची बोगी असलेलं लांब इंजिन ३७१ वर गेलं की कपलर काऊकॅचरवर धडकतो, आणि एक तर तुकडा जातो नाहीतर बोगी रूळ सोडते. मग लोक चाकांना दोष देतात, रुळांना देतात.

कुठे आपटतंय ते डोळ्यांनी कळत नाही. संशयित तुकड्याच्या आतल्या बाजूला थोडी लिपस्टिक लावा, घरच्यांची परवानगी काढून, आणि तुमच्याकडच्या सगळ्यात टाइट वळणावरून इंजिन हातानं, वीज न देता, दोन्ही दिशांनी ढकला. मग उलटं करून बघा, चाकावर, कपलरच्या दांडीवर जिथे लाल लागलंय तिथे घासतंय. तेवढंच कापा. बहुतेक वेळा काऊकॅचरच्या मागच्या बाजूनं प्लास्टिक पातळ केलं आणि मधली खाच थोडी रुंद केली की काम होतं, पुढून दिसतही नाही. त्यानं भागलं नाही तर कपलर बोगीवरून कापून बॉडीला लावायचा आणि मोठ्या वळणांवरच चालवायचं, किंवा एका तोंडाला पूर्ण काऊकॅचर आणि दुसऱ्या तोंडाला कपलर. शोकेससाठी एक तोंड आणि गाडीसाठी एक तोंड. मला हा शेवटचा तोडगा पटतो, कमीत कमी मारामारी.

डिटेल्स लावल्यावर इंजिन अडखळायला लागलं तर

हे गळण्याचं दुखणं नाही, पण त्याच्याच मागोमाग येतं म्हणून इथेच सांगतो. आधी सुरळीत चालणारं इंजिन पितळी डिटेल्स लावल्यावर ठराविक वळणावर बंद पडतं, कंट्रोलरचा कटआउट उडतो, आणि सरळ रुळावर आणलं की परत चालतं. शॉर्ट आहे. जुन्या लिमा कंपनीच्या मॉडेल इंजिनांत वगैरे पुष्कळदा एका रुळाची वीज मोटरच्या बोगीतून आणि दुसऱ्या रुळाची मागच्या बोगीतून येते, दोघींमधे फक्त प्लास्टिकची बॉडी. आता त्या बॉडीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पितळेची पाइपलाइन गेली, तिचं एक टोक पुढच्या बोगीच्या धातूला आणि दुसरं मागच्या बोगीच्या धातूला वळणावर टेकलं की झालं. आतून वाकवलेली टोकं म्हटलं होतं ना, तीही ह्यातच सापडतात.

मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक डाव्या चाकाला, एक उजव्या चाकाला. मोटर जोडलेली असेल तर तिचा थोडा रेझिस्टन्स दिसेल, पण सरळ शून्याजवळ गेला आणि बोगी हातानं वळवल्यावरच गेला तर जागा सापडलीच. लांब पाइप मधे कापून दोन तुकडे करा, कापलेल्या जागी प्लास्टिकचा सांधा दाखवा, खऱ्या इंजिनावरही पाइपाला सांधे असतातच. चाकांच्या जवळचे ब्रेक शूज, वाळूचे पाइप मुळातच प्लास्टिकचे करा, धातू नको. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ मध्ये ती १९.३ मिमी व्हायला हवी, आपण चालवतो १६.५ च्या रुळावर, त्यामुळे चाक आणि साइडफ्रेम ह्यांच्यात जागा भरपूर दिसते आणि तिथे पितळेचा ब्रेक शू बसवायचा मोह होतो, पण चाकाला बाजूला सरकायला मोकळीक असते हे विसरू नका.

शॉर्ट नाही, नुसतं धक्के खात चालतंय, तर आधी चाकं पुसा. डिटेल्स लावताना घासलेल्या प्लास्टिकची भुकटी, गोंदाची वाफ आणि उडालेला रंग हे सगळं चाकांवर आणि पिकअपवर (चाकांकडून वीज घेणाऱ्या पट्ट्यांवर) बसतं. आयपीएनं पुसलं की निम्म्या तक्रारी संपतात. बोगी लावूनच बॉडी रंगवली असेल तर निम्म्याहून जास्त.

काही सुटे मुद्दे

खिडकीच्या जाळ्या सारख्या गळत असतील तर त्या बाहेरून लावू नका. खिडकीच्या चौकटीत आतून बसेल अशी पातळ चौकट कार्डाच्या पट्टीतून करा, तिच्यावर जाळी, आणि सगळा भाग एकत्र आतून दाबून बसवा. चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी बऱ्यापैकी चालते, भोकं थोडी मोठी वाटतात, पण दोन फुटांवरून कुणाला कळतंय.

पायऱ्यांसाठी पितळेची शिम (पातळ पत्रा) वापरत असाल, भोसरीकडच्या वर्कशॉपमधे ओळख असेल तर ०.१ मिमीचे तुकडे मिळून जातात, तर ती चिकटवण्यापेक्षा सोल्डर करून पूर्ण पायरी बाहेर बनवा आणि मग दोन पाय ठेवून भोकात बसवा. बॉडीवर असताना सोल्डर करायला जाऊ नका, पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं.

डब्यातून काढताना इंजिन कुठे धरायचं हे ठरवून ठेवा. डिटेल्सवालं इंजिन बाजूंनी धरता येत नाही, तिथे रेलिंग आहे. इंधनाच्या टाकीखाली दोन बोटं आणि वर हूडच्या छतावर अंगठा, आणि घरात दाखवायला काढलंत तर पाहुण्यांच्या पोरांना ते समजेपर्यंत सांगा. ठेवायला फोममध्ये इंजिनाच्या आकाराची खाच कापताना रेलिंगच्या जागी फोम अर्धा सेंटीमीटर जास्त मागे कापा, फोमचा सततचा दाबही टोकं सोडवतो.

वायपर, हॉर्न आणि होसपाइप मी आता चिकटवतच नाही. भोक नेमकं तारेच्या मापाचं, तारेला किंचित बाक, आणि नुसते दाबून बसवलेले. गाडी चालवायला काढताना होसपाइप उपटून डबीत टाकतो, फोटो काढायचा असला की परत लावतो. घोरपडी शेडच्या अल्को डिझेल इंजिनांचा काळा धूर बघत मोठे झालेले काही मित्र ह्याला नावं ठेवतात, म्हणतात खऱ्या इंजिनाचे होस कोण काढून ठेवतं. ठेवू देत. हरवलेला होस नवा करायला तारेवर बारीक वायरचं इन्सुलेशन चढवायचं, टोकाला सुईच्या नळीचा कापलेला तुकडा बसवायचा, लाल किंवा हिरवा ठिपका द्यायचा, दहा मिनिटांचं काम आहे.